वजा केलेला आवाज

इचलकरंजीत बहिरं असणं म्हणजे काही नवलाची गोष्ट नव्हे. ज्यानं उभा जन्म मागावर काढला आणि तरी ज्याचे कान शाबूत राहिले, त्याच्याकडेच लोक संशयानं बघायचे. "पाळीला जात हुतास, का डबा खाऊन झोपत हुतास?" असं तोंडावर विचारायचे.

रामलिंग वरुट्यांवर असा संशय घ्यायची कुणाची टाप नव्हती. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणायची. तात्या जॉबर, म्हणजे बिघडलेला यंत्रमाग नीट करणारे. मालकाच्या शेडमध्ये चाळीस माग एकदम धडधडत असताना त्यातला कुठला ठोका मागं-पुढं पडतोय ते कानानं हेरायचं आणि पान्हा घेऊन त्या मागाच्या पोटात शिरायचं, हा त्यांचा धंदा. ज्या कानांनी घर चालवलं, ते कान त्याच धंद्यानं खाल्ले. साठी गाठायच्या आधी त्यांना दारावरची बेल ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी येईना, आणि शेवटी दिवाळीतला सुतळी बॉम्बसुद्धा नुसता छातीत कळायला लागला.

नऊ वर्षांपूर्वी मुलीनं, ऋतुजानं, त्यांना 'कर्णिका' आणून दिली. वाटाण्याएवढं यंत्र, कानामागं चिकटवायचं. जुनी कानयंत्रं सगळेच आवाज सरसकट मोठे करायची. बायको काय म्हणाली ते कळायचं नाही आणि वर डोकं उठायचं. कर्णिकेचं तसं नव्हतं. ती येणाऱ्या आवाजाचे आधी धागे सुटे करायची: पंख्याचा एक, रस्त्यावरच्या गाडीचा एक, बोलणाऱ्या माणसाचा एक. मग नको ते धागे बरोबर वजा करायची आणि हवे तेवढे कानात सोडायची. पण वजा करायचं तर आधी ते नीट ओळखता आलं पाहिजे. तांदूळ निवडणारीला खडा ओळखू आला नाही तर ती निवडणार काय, कपाळ? एवढाल्या ओळखी लक्षात ठेवणं त्या वाटाण्याच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून सोबत एक पांढरी पेटी आली होती. दिवसभरात वजा केलेला एकूणएक आवाज त्या पेटीतल्या हार्डडिस्कवर जमा व्हायचा. पेटी त्यावरून शिकायची आणि कर्णिकेला रोज थोडं थोडं शहाणं करायची.

कंपनीवाले म्हणाले होते, ही डिस्क तुमच्या जन्माला पुरेल. त्यांचंही बरोबर होतं. गोंगाट म्हणजे मोठी कंटाळवाणी चीज. पंख्याची घरघर एकदा टिपली, की पुढं 'तीच, तीच, तीच' एवढीच नोंद करायची. त्याला जागा ती किती लागणार?

आणि तरी फाल्गुनातल्या एका सकाळी चौंडेश्वरीच्या फोटोशेजारी ठेवलेल्या त्या पेटीवर लाल दिवा लागला, आणि तात्यांच्या कानात शिट्टी वाजायला लागली.

"शालन, ह्ये काय वाजतंय गं?" तात्या ओरडले.

शालनकाकू पोळपाट सोडून आल्या. त्यांनी पेटीकडं बोट दाखवलं आणि उपडा तळवा हवेत हलवला. म्हणजे, माग थांबलाय.

ही शेडची भाषा. चाळीस मागांच्या खटखटीत तोंड चालवून उपयोग नसतो, तिथं हात बोलतात आणि डोळे ऐकतात. अंगठा ओठाला लावला की चहा. उपडा तळवा हलवला की माग थांबलाय. दोन बोटं एकमेकांवर चोळून मूठ पुढं ढकलली, की तुटलेला धागा जोडला, चालू करा. शालनकाकू लग्न होऊन आल्या त्या महिन्यापासून शेडमध्ये कांड्या भरत होत्या. कांडी म्हणजे धोट्यात, आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेत, बसवायची सुताची नळी. त्यामुळं ही भाषा दोघांच्याही बोटांवर होती. पुढं माग गेले, शेड गेली, आणि भाषा आपली अडगळीत पडून राहिली. गेल्या श्रावणात काकूंच्या घशातली गाठ काढताना स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं, तेव्हा ती अडगळीतली भाषा स्वयंपाकघरात येऊन बसली.

गल्ली मात्र हसायला कमी करत नव्हती. "एकाला ऐकू येत न्हाई, दुसरीला बोलता येत न्हाई. भांडण व्हायचंच न्हाई. काय जोडा जमलाय!" असं म्हणायची. काकू पण हसायच्या, खांदे हलवून, बिनआवाजाच्या. ते बिनआवाजाचं हसू तात्यांना बघवायचं नाही. ते पेपरात तोंड घालायचे.

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते येत्या गुरुवारी उभं राहणार होतं.

मिरजेच्या दवाखान्यात काकूंना गळपट्टा मिळणार होता. गळ्याला बांधायचा पातळ पट्टा. माणूस आवाज न काढता नुसतं बोलल्यासारखं करतो, तेव्हाही जबड्याचे नि जिभेचे स्नायू हलतात आणि त्यांत बारीकशी वीज खेळते. त्या विजेवरून पट्टा शब्द ओळखायचा आणि बोलायचा. पण बोलायचा कुणाच्या आवाजात? माणसाचा जुना आवाज तीन-चार तासांचा, स्वच्छ, मिळाला तर त्याच्याच आवाजात. नाहीतर कंपनीचा तयार आवाज होताच.

काकूंचा जुना आवाज कुणाकडं होता? ऑपरेशन घाईत झालं, आणि तोवर घसा बसून नुसती घरघर उरली होती. ऋतुजानं सगळ्या नातेवाइकांचे मोबाईल पालथे घातले. तिच्या लग्नाच्या व्हिडिओत काकू बोलताना दिसत होत्या, पण वर बँडबाजा. बाकी जिथं तिथं काकू तोंडावर पदर घेऊन "माझा नको गं काढू" एवढंच म्हणत होत्या. सगळं जोडून दीड मिनिट भरलं, त्यातलं निम्मं 'नको गं'.

दवाखान्यात तयार आवाज ऐकवला तेव्हा काकूंनी मान वाकडी करून तो पूर्ण ऐकून घेतला. मऊ, गोड, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. मग मोबाईलवर टाइप करून त्यांनी तो डॉक्टरीणबाईंपुढं धरला: 'ह्या बाईला मी माझ्या घरात घेणार न्हाई.'

"मग गुरुवारपर्यंत शोधा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही मिळाला तर पट्टा रांगेतल्या पुढच्या पेशंटला द्यावा लागेल."

आता रविवार आला होता, आणि आवाज सापडलेला नव्हता.

तात्या मनातल्या मनात त्या आवाजाचा माग काढत होते. त्यांना आठवत होता तो शेडमधला आवाज. बारीक, टोकदार, दोन ठोक्यांच्या फटीतून सुईसारखा आरपार येणारा. "अहो, तीन नंबरचा धागा तुटलाय!" पण त्यानंतरचा? गेल्या काही वर्षांतला? ते खूप आठवून बघायचे. काकूंचे ओठ आठवायचे, वाक्यं आठवायची, पण आवाज म्हटला की तोच, शेडमधला. वय झालं तशी ती हळू बोलायला लागली असंल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. कधी कधी तर ती मुद्दाम अबोला धरती, असंही वाटायचं. फोनवर तर तिचं अक्षर कळायचं नाही. "रेंज न्हाई गं तिकडं!" म्हणून ते फोन ठेवून द्यायचे.

तर ती शिट्टी. तात्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटत होतं.

'काका, काळजी करू नका. डिस्क भरली आहे. पेटीवर विचारेल, वजा केलेले आवाज पुसायचे का. होय दाबा. सगळा कचराच असतो तो.'

पेटीच्या छोट्या पडद्यावर खरंच तसं विचारलेलं होतं. तात्यांनी 'होय'वर बोट नेलं. काकू शेजारीच उभ्या होत्या, हाताला पीठ.

आणि तात्यांचं बोट हवेत थांबलं. त्याला कारण काही दिव्य नव्हतं, जुनी खोड होती. माग का थांबला ते कळल्याबिगर चालू करायचा दांडा ओढायचा नाही, हे त्यांना त्यांच्या वस्तादानं कानफटात मारून शिकवलं होतं. न बघता दांडा ओढला की अडकलेला धोटा गोळीसारखा उडतो आणि कुणाचा तरी डोळा घेतो.

"जन्माला पुरंल म्हणाली हुती ही माणसं," ते पुटपुटले. "मग भरली कशानं? ऋतू येऊ दे, बघू या घोडं कुठं पेंड खातंय."

ऋतुजा सांगलीला तंत्रनिकेतनात शिकवायची. दर रविवारी बिनड्रायव्हरच्या गाडीतून यायची आणि उतरताना सवयीनं रिकाम्या सीटला 'थँक्यू' म्हणायची. आज ती आली तीच वैतागून. आवाजाच्या शोधात पाचव्या मावशीनंही हात वर केले होते. तिनं चहा घेतला, पेटीची वायर टीव्हीला जोडली आणि डिस्क उघडली.

टीव्हीवर फोल्डरांची रांग लागली. पेटीनंच नावं ठेवली होती: पंखा, मोटारसायकल, कुत्री, शेजारचा मिक्सर, पालिकेची घंटागाडी. प्रत्येकापुढं किती जागा खाल्ली त्याची पट्टी. सगळ्या पट्ट्या नखाएवढ्या. आणि खाली एकच पट्टी, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"माग," ऋतुजानं वाचलं. "तात्या, जवळजवळ सगळी डिस्क एकट्या 'माग'नं भरलीय."

तात्या खो खो हसले. "अगं, खुळी का काय तू? माग इकून चार वर्षं झाली की! भंगारवाल्यानं किलोवर नेले."

हसता हसता त्यांचं हसणं निवलं. घरामागं त्यांची पुढं स्वतः घातलेली आठ मागांची शेड होती, आता तिथं शेजाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहत. एक काळ असा होता, की हे गाव झोपेतसुद्धा खटखट करायचं. बाहेरगावचा पाहुणा रात्रभर कूस बदलायचा, आणि गावकरी सुट्टीच्या दिवशी माग बंद पडले की त्या शांततेनं दचकून जागे व्हायचे. आता नव्या शेडमध्ये हवेच्या झोतावर कापड निघतं, आत माणूस औषधालाही नाही. तात्यांना कधी कधी वाटायचं, आपले कान गेले ते बरंच झालं. गाव मुकं झालेलं ऐकावं लागलं नाही.

"तेच तर कळत नाही," ऋतुजा म्हणाली. "मागाची खटखट म्हणजे एकच ठोका पुन्हा पुन्हा. त्याला जागा लागायलाच नको. इथं रोज काहीतरी नवीन साठलंय. जे कधीच परत येत नाही असं काहीतरी."

तिनं तारखांचा आलेख काढला. रेघ जिन्यासारखी रोज थोडी थोडी चढत गेलेली. माग विकले त्या दिवशी ती किंचितसुद्धा अडखळली नव्हती. मध्ये मध्ये मात्र पायऱ्या सपाट होत्या.

"दरवर्षी मे महिन्यात आठ-दहा दिवस काहीच नाही," ती म्हणाली. "मे महिन्यात काय असतं तात्या? वीज जाते का?"

"मे महिन्यात? काय न्हाई. ही माहेराला जाती, रेंदाळला."

"आणि इथं? हे गेल्या वर्षीच्या श्रावणात... इथून रेघ चढलीच नाही. इथं संपलंच."

तिनं मान वळवून आईकडं बघितलं. काकू उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. ऋतुजानं 'माग' उघडलं, मधलीच एक तारीख धरली आणि स्पीकर लावला.

तात्यांना दिसलं ते असं: स्पीकरची जाळी थरथरली. ऋतुजाचा हात तोंडावर गेला. काकूंच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि शेंगा घरभर झाल्या. ऋतुजा रडायला लागली, अगदी लहानपणी रडायची तशी, नाक ओढत.

"काय झालं? अगं, काय वाजतंय?" तात्या एकीकडून दुसरीकडं बघत राहिले. "मला काय बी ऐकू येत न्हाई!"

त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला. जाळी हलत होती, हाताला कळत होती. कानात शिट्टीशिवाय काही नव्हतं. शिट्टी थांबली की बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न आला, ऋतुजाचे हुंदके आले, शेंगांवर पाय पडला तो आवाज आला. फक्त स्पीकर मुका.

"तात्या," ऋतुजा त्यांच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं म्हणाली, "आईचा आवाज आहे. सगळा आईचा आहे."

मग उलगडा झाला, आणि तो इतका साधा होता की तात्यांना आपलंच थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं. कर्णिका आणली तेव्हा कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या गोंगाटात जाऊन उभे राहा आणि 'नको'चं बटण दाबून धरा, ती शिकून घेईल. तात्या थेट मागच्या शेडमध्ये गेले होते. आठही माग चालू. बटण दाबून, डोळे मिटून, देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. आणि पलीकडच्या टोकाला कांड्या भरत बसलेल्या शालनकाकू? नवरा चालू मागांच्या मधोमध डोळे मिटून उभा बघून त्यांनी जे करायचं तेच केलं. ओरडत सुटल्या. "अहो! काय झालं? चक्कर आली का? तीन नंबर थांबलाय, अहो!" शेडमधली बाई ओरडते कशी, तर दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत, मागाच्या तालावर. यंत्राला ते दोन धागे सुटे करता आले नाहीत. त्यानं दोन्हीची एकच गाठ मारली, नाव ठेवलं 'माग', आणि तेव्हापासून इमानेइतबारे दोन्ही वजा करत राहिलं.

आणि हे इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही? दुसऱ्या कुठल्या घरात चार दिवसांत आलं असतं. पण ही मागावरची माणसं. समोर असली की तात्या तिचे ओठ वाचायचे, आणि डोकं आपल्या पदरचा जुना आवाज त्या ओठांना जोडून द्यायचं. माणसाचा मेंदू असल्या उसनवारीत पटाईत असतो. आपण ऐकत नाही, वाचतोय, हे त्यांना कळलंच नाही. पाठ असली की मात्र काही नाही. तात्यांना वाटायचं ती बोलत नाही. काकूंना वाटायचं हे कानाडोळा करतात.

"काखेत कळसा," ऋतुजा डोळे पुसत म्हणाली, "आणि मी पाच मावश्यांना वळसा घालून आले."

तिनं पेटीच्या 'नको'च्या यादीतून 'माग' काढून टाकलं. मग पुन्हा स्पीकर लावला, सगळ्यात जुन्या तारखेपासून.

"अहो, ऐकताय का?"

तात्या ताडकन वळले, काकूंकडं. काकू तिथंच होत्या, ओठ मिटलेले. आवाज त्यांचाच होता. बारीक, टोकदार. सोबत पंखा नाही, रस्ता नाही, भांड्याचा आवाज नाही. निवडून निवडून वेगळा केलेला, निव्वळ शालनचा.

"अहो, ऐकताय का? पाणी आलंय, बादली लावा म्हणतीय मी. नळ जाईल."

"बघितलं का, हूं न्हाई का चूं न्हाई. त्या यंत्रानं आणिकच बहिरं केलं ह्यास्नी. कानामागनं आली आन् तिखट झाली!"

"अहो, ऋतूला दिवस गेल्यात. तुम्हाला सांगू नको म्हणालीय अजून. म्हणून पाठीमागनं सांगतीय."

ऋतुजा रडता रडता हसली. "आई! तू सांगितलं होतंस?"

तारखा पुढं सरकत गेल्या. हळूहळू काकूंनी उत्तराची वाट बघणं सोडून दिलं होतं. त्या नुसत्या बोलत होत्या. वांगी कशी महागली. रेंदाळच्या ओढ्यात लहानपणी पाय घसरला तो. "आज आरशात बघितलं तर आईच दिसली मला." माग नेले त्या दिवशी त्या शेडमध्ये एकट्या बसल्या होत्या, आणि परत येऊन तात्यांच्या पाठीला म्हणाल्या होत्या, "तुम्ही रडला न्हाईसा, म्हणून मी बी न्हाई रडले. पण जमीन अजून हलतीय असं वाटतंय ओ." आणि एकदा, हसत, "तुमच्या पाठीला सगळं सांगून झालं की लै बरं वाटतंय बघा. तोंडापेक्षा पाठ बरी तुमची."

तात्या भिंतीला टेकून बसले होते. हा आवाज घरात होता. रोज होता, या चार भिंतींत, त्यांच्या पाठीपासून दोन हातांवर. त्यांना त्या एकेका दिवसाची हाव सुटली. तो दिवस परत मिळावा, आपण वळून बघावं आणि म्हणावं, काय म्हणालीस गं?

शेवटच्या काही महिन्यांतली एक तारीख लागली.

"अहो, गळ्यात कुसळ अडकल्यावानी होतंय. लै दिस झालं. डॉक्टरला दावूया का?" मग थोडं थांबून, "ऐकताय का? ...बरं. तुमचं वाचून होऊ दे."

ऋतुजानं चटकन आवाज बंद केला, पण वेळ गेली होती. तात्या तारखेकडं बघत होते. संक्रांतीनंतरचा आठवडा. दवाखान्यात गेले ते आषाढात, घसा पार बसल्यावर. 'लवकर आला असता तर आवाज वाचला असता,' असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तात्या घरी येऊन काकूंनाच रागं भरले होते. एवढं दुखत होतं तर बोलली का न्हाईस?

"सांगितलं हुतं तिनं," तात्या म्हणाले. "मला सांगितलं हुतं गं." आणि ते रडायला लागले. बहिऱ्या माणसाला आपलं रडणं केवढं मोठं आहे ते कळत नाही. शेजारची बाई दारात येऊन डोकावून गेली.

काकू उठल्या. शेंगांवरून चालत आल्या. त्यांनी ऋतुजाच्या हातातला रिमोट घेतला, ती संक्रांतीनंतरची ओळ निवडली आणि बटणं शोधायला लागल्या.

"आई, थांब! काय करतेस? पुसू नको, गुरुवारी एकेक मिनिट लागणार आहे!"

काकूंनी 'पुसा' दाबलं. ओळ गेली. मग मोबाईलवर टाइप करून तात्यांपुढं धरलं: 'हेच ऐकत बसला असता. मला ठाऊक हाय तुम्ही. बाकी सगळं ठेवा.'

तात्या काही बोलणार, तर त्यांनी त्यांच्या नाकासमोर दोन बोटं एकमेकांवर चोळली आणि मूठ पुढं ढकलली. तात्यांनी ती मूठ दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

गुरुवारी मिरजेला डॉक्टरीणबाई ते सगळं ऐकून थक्क झाल्या. "एवढा स्वच्छ आवाज स्टुडिओतसुद्धा मिळत नाही हो," त्या म्हणाल्या. "तीन तास मागितले, तुम्ही वर्षंच्या वर्षं आणलीत. फक्त एक अडचण आहे. बाई बहुतेक ठिकाणी हाका मारतायत, आणि समोरचा ऐकत नाही अशा सुरात. त्यामुळं पट्टा काहीही बोलला तरी तो सूर येणार. 'नमस्कार' म्हणाल्या तरी खेकसल्यासारखं वाटेल. आपण तो जरा मऊ करून देऊ का?"

तात्यांनी काकूंकडं बघितलं. काकूंनी ठाम मान हलवली. नाही म्हणजे नाही.

पट्टा गळ्याला बांधल्यावर दोन दिवस काकू काही बोलल्या नाहीत. सवय मोडलेली, शिवाय लाज. ऋतुजानं नवी मोठी डिस्क आणून जुन्यातलं सगळं तीवर उतरवलं आणि ती सांगलीला गेली. घरात पुन्हा दोघंच राहिली. तात्या उगीचच स्वयंपाकघराकडं पाठ करून बसायला लागले. पेपर हातात, पण पान उलटायचं विसरून.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाठीमागून आवाज आला.

"अहो, ऐकताय का?"

बारीक, टोकदार, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसा खेकसलेला. तात्या हलले नाहीत. पेपर घट्ट धरून तसेच बसून राहिले. आजवर न ऐकलेल्या किती हाका त्यांच्या नावावर साठल्या होत्या. त्यातली आणखी एक तरी ऐकू दे, एवढंच त्यांना वाटलं.

"अहो! ऐकताय का?"

पेपरातली अक्षरं पुसट झाली होती. अजून एकदा, फक्त एकदा, ते मनात म्हणाले.

मग काकूंचा आवाज आला, सूर तोच, खेकसल्याचा.

"नाटकं पुरे. इतकी वर्षं ह्या पाठीशीच बोललीय मी. ऐकू आलेली पाठ कळती मला. उठा, बादली लावा, नळ जाईल."